चाळ पडली, पण भिंत पडली काय ?

मुंबईंत वरळीच्या बी. डी. डी. चाळी पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागीं चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलींत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांस ५०० चौरस फुटांचें, मालकीचें घर मिळालें. ही गोष्ट फार चांगली झाली, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. परंतु चाळ पडूं लागल्याबरोबर एक नवीच टूम निघाली आहे. जो उठतो तो आपल्या बाळपणाचे गोडवे गातो. काय ती चाळ, काय तो शेजार, काय तीं उघडीं दारें ! चाळींत जातपात म्हणून ठाऊकच नव्हती, असेंही ऐकूं येतें. वाचकहो, आठवण गोड असावी हें खरें, पण ती आधीं खरी असावी.

या चाळी आल्या कोठून ? १९२० सालीं गव्हर्नर लॉईड यांच्या सरकारनें मुंबईंत डेव्हलपमेंट खातें काढलें, कापसाच्या गांठीवर कर बसविला आणि मजुरांसाठीं चाळी बांधावयास घेतल्या. वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडला ३२ व शिवडीस १२, मिळून २०७. प्रत्येक चाळींत ८० खोल्या, आणि संडास सर्व मजल्याचा मिळून. पारनेर, संगमनेर, अकोले या बाजूचा कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा दुष्काळाला कंटाळून मुंबईस गेला, तो असल्याच एखाद्या खोलींत गांवकऱ्यांच्या वळकट्यांशेजारीं आपली वळकटी टाकून राहिला. पाळी संपवून एक यावा आणि त्याच्याच जागेवरून दुसरा उठून कामावर जावा. तेथून निघालेल्या मनिऑर्डरीवर इकडे किती घरांच्या चुली पेटल्या, हें आमच्या जिल्ह्यास सांगावयास नको.

पण हा पोरगा मुंबईस गेला तो एकटा गेला नाहीं. वळकटींत गुंडाळून त्यानें गांवाचा नकाशाही बरोबर नेला. गांवांत महारवाडा वेशीबाहेर, तर येथें ही चाळ मराठ्यांची व ती चाळ बौद्धांची ! गिरणींत तरी काय निराळें होतें ? कापड खात्यांत पगार जास्त; पण धोट्यांतला दोरा तोंडानें ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्याचा दरवाजा बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार एका मडक्यांतलें पाणी पिण्यास तयार नव्हते. ही एकी कसली ?

आम्हीही अशाच चाळींत वाढलों. शेजारणीनें ताप आलेल्या पोराला रात्रभर मांडीवर घेतलें, संपांत एकमेकांच्या घरीं पीठ पोंचविलें, भिशीच्या पैशांवर मुलींचीं लग्नें झालीं, हें सर्व डोळ्यांनीं पाहिलें आहे. तें खोटें म्हणणारा कृतघ्न होय. परंतु ही माया आपल्या जिन्यापुरती होती. समोरच्या चाळींतल्या सोबत्याबरोबर मैदानांत खेळावें, पण त्याच्या घरचें पाणी पिऊन आल्यास आईचा मार खावा, हेंही आमचें बाळपणच आहे. जानेवारी १९७४ मध्यें वरळींत दंगल पेटली, तेव्हां आम्ही दहा वर्षांचे होतों. काल ज्या गच्चीवर पतंग उडविले, तिच्यावर आज धोंडे व सोडावॉटरच्या बाटल्या जमा झाल्या. १० जानेवारीस दलित पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव हा तरुण ठार झाला. मारणारे कोण आणि मरणारे कोण ? दोघेही गिरणीच्या भोंग्यावर उठणारे, दोघांच्याही घरीं पहिल्या तारखेपर्यंत पैसा न पुरणारा !

पुढें काय झालें पहा. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडला, गिरण्या बसल्या, त्यांच्या जमिनींवर श्रीमंतांचे मनोरे उठले. मालकानें कामगारास रस्त्यावर काढतांना जात विचारली नाहीं. मराठाही देशोधडीस लागला आणि बौद्धही. ज्या श्रेष्ठपणासाठीं मराठ्याच्या पोरानें गच्चीवर धोंडे जमविले, तो श्रेष्ठपणा त्याला एक दिवसाची भाकरी देऊं शकला नाहीं. नारायण मेघाजी लोखंड्यांनीं झगडून १८९० सालीं गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली, ती सर्वांस दिली. जातवार वांटली नाहीं. त्यांचें नांव घेणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

आतां नव्या इमारतींत कोणाला कोणतें घर मिळावयाचें हें संगणकाची सोडत ठरविते. यंत्राला जानवें नाहीं, शहाण्णव कुळी नाहींत, सोवळें नाहीं. तें चिठ्ठी काढतें आणि भिंतीला भिंत लावून देतें. जें काम शंभर वर्षें आपल्या पुढाऱ्यांकडून झालें नाहीं, तें आरंभापुरतें यंत्रानें करून दिलें. मात्र भिंतीला भिंत लागली म्हणून मनाला मन लागतें असें नाहीं. बंद दाराच्या घरांत जात अधिक सुखानें नांदते. तेथें तिला कोणी पाहत नाहीं. यासाठीं नव्या सोसायटींत जयंती व उत्सव यांचा पैसा एका पेटींत जमावा. कारभारी मंडळांत सर्वांचीं माणसें, विशेषतः बाया असाव्या. पोरांसाठीं एक अभ्यासाची खोली व्हावी आणि ती कोणा एकाची नसावी. आणि शेजार जातीचा नाहीं म्हणून घर बदलून मागणाऱ्यास चार लोकांनीं तोंडावर विचारावें कीं, बाबा, तूं चाळींतून निघालास, पण चाळ तुझ्यांतून कधीं निघणार ?

हा मुंबईचा प्रश्न आहे, आपणांस काय त्याचें, असें नगर जिल्ह्यांतील वाचकानें म्हणूं नये. नकाशा येथूनच गेला. डिसेंबर २०२० मध्यें राज्य सरकारनें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय घेतला. उत्तम झालें. परंतु पाटी बदलल्यानें वेस हलत नाहीं. घरकुल मंजूर झालें तरी तें जुन्याच टोकाला बांधावें लागतें काय, हें प्रत्येकानें आपल्या गांवांत फिरून पाहावें. मुंबईंत सोडत निघाली. आपल्या गांवांत ती कोण काढणार? तेथें यंत्र येणार नाहीं. तें काम सत्यशोधकांचें आहे आणि तें तसेंच पडून आहे.