लाल कोट आणि नवतपा

परवा कपाट आवरताना मागच्या मे महिन्यात घातलेली शेरवानी हाती लागली. काखेत आणि पाठीवर घामाचे पांढरे नकाशे तसेच. ड्रायक्लीनिंगला द्यायची राहूनच गेली होती. ती बघितली आणि क्लॅरिनेटवाले काका आठवले. या विषयावर बरेच दिवस लिहायचं होतं. आज शनिवार आहे, लिहूनच टाकतो.

मावसभावाचं लग्न होतं, हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात. मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा आणि नवतपा तोंडावर. (विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी: सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो, साधारण २५ मेपासून. या दिवसांत वर्ध्याचा पारा ४५-४६ वर गेला तर कोणी भुवई उचलत नाही.) मी पुण्याचा कॉम्प्युटरवाला, फोनवर नीट बोलतो म्हणे, म्हणून बँड ठरवायचं काम माझ्याकडे आलं होतं. बँडमास्तरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, ड्रेसवर पायजे का साधा?"

मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "ड्रेसवर. फुल ड्रेस."

हे वाक्य लक्षात ठेवा. या लेखातला आरोपी तिथेच सापडतो.

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचं अंतर जेमतेम एक किलोमीटर होतं. नाचणाऱ्यांच्या कृपेने त्याला दीड तास लागला. आम्ही डोक्याला दुपट्टे बांधलेले, अधूनमधून पळत जाऊन सावलीत पन्हं पिऊन येत होतो. बँडवाले मात्र रस्त्याच्या मधोमध. १८ जण. गळ्यापर्यंत बंद केलेला लाल पॉलिस्टरचा कोट, आत अस्तर, खांद्यावर सोनेरी झालर, कमरेला पट्टा, खाली काळी पँट, पायात बूट. क्लॅरिनेट वाजवणारे काका साठीच्या आसपासचे असतील. ग्रामपंचायतीच्या वळणावर गाणं चालू असताना क्लॅरिनेट एकदम थांबलं. वळून पाहिलं तर काका रस्त्यावर बसलेले, डोळे भलतीकडेच लागलेले. घाम नव्हता. कोरडा, लालबुंद चेहरा.

गावातल्या बायकांना काय करायचं ते आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी काकांना ओसरीवर नेलं, कोटाची बटणं अक्षरशः तोडली, अंगावर ओलं धोतर टाकलं आणि कूलरचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. नवरदेवाच्या मामाने गाडी काढली आणि काकांना सरळ हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं. काका वाचले. दोन दिवसांनी घरी गेले.

आता लाजेची गोष्ट सांगतो. ते खाली बसलेले दिसले तेव्हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार होता, "अरे, व्हिडिओ चालू आहे." आणि संध्याकाळी हिशेबाच्या वेळी आमच्याकडच्याच एकाने विचारलं, "एक माणूस अर्ध्यात गेला ना, मग त्याचे पैसे?" ते पैसे कापले गेले नाहीत, एवढंच समाधान.

पुण्याला परतल्यावर सवयीप्रमाणे 'रूट कॉज' शोधायला बसलो. मामला सोपा निघाला. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असली तर ती आपल्याला गार करते. बाहेर ४५ असेल तर तीच हवा आपल्याला तापवायला लागते. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. त्यातही घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. निथळून खाली पडलेला घाम फुकट गेला. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाला एक लिटर या वेगाने हे चाललं तर साधारण ६७० वॅट झाले. एखाद्या लहान इस्त्रीएवढी उष्णता बाहेर फेकणारं यंत्र देवाने प्रत्येकाच्या अंगात बसवून दिलं आहे!

आणि वर्धा ही हे यंत्र चालवायला झकास जागा आहे, कारण मे महिन्यातली तिथली हवा कोरडी असते. वाळ्याचा कूलर वर्ध्यात चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारणही हेच. पण विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की खिडकी उघडी ठेवल्याशिवाय कूलरचा उपयोग नाही. ओली हवा बाहेर जायला वाट लागते. गळाबंद पॉलिस्टरचा कोट म्हणजे सगळ्या खिडक्या बंद करून लावलेला कूलर. आत वाफ साठते, घाम वाळत नाही, शरीर आणखी घाम काढत राहतं आणि एका क्षणी टाकीतलं पाणीच संपतं.

बरं, हा कोट आला कुठून? लष्करी बँडमधून. इंग्रजांच्या पलटणींचे बँड होते, ते बघून संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले, आणि पुढे तो थाट लग्नाच्या वरातीत उतरला. लोकरीचा तो अंगरखा मुळात विलायतेतल्या थंडीसाठी. गंमत म्हणजे तिथेही तो उन्हाळ्यात झेपत नाही. जून २०२३ मध्ये लंडनला 'ट्रूपिंग द कलर'च्या रंगीत तालमीत जाड लाल अंगरखे आणि अस्वलाच्या कातड्याच्या टोप्या घातलेले काही सैनिक भोवळ येऊन पडले. त्यांत बँडमधला एक ट्रॉम्बोनवाला होता. तो पडला, उठून पुन्हा वाजवायला लागला आणि पुन्हा कोसळला. तापमान किती? ३० अंशांच्या आसपास! आमच्याकडे ३० अंश झाले तर लोक पाऊस येणार म्हणतात.

आणि खुद्द इंग्रज इथे काय करत होते? हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यासाठी त्यांच्या फौजेने सुती ड्रिलचे पांढरे आणि खाकी गणवेश करून घेतले. म्हणजे ज्यांचा कोट होता त्यांनी तो इथल्या उन्हात उतरवला, आणि आपण तो पॉलिस्टरमध्ये शिवून घेऊन आजवर जपला. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. ही ओळ का आहे ते कोणालाच माहीत नसतं, काढायची हिंमतही कोणाची होत नाही.

हे सगळं वर्धा जिल्ह्यात घडावं हे मला जास्त लागलं. हिंगणघाट हे कापसाचं गाव. तिथे १८८१ साली कापडाची गिरणी उभी राहिली होती. ज्याच्या घरी लग्न होतं तो कापूस पिकवतो, पाहुण्यांतले निम्मे कापूस पिकवतात, आणि त्यांच्या दारात उभा असलेला माणूस प्लास्टिकच्या धाग्यात शिजतो आहे. तासाभराच्या अंतरावर सेवाग्राम. गांधीजी तिथे (तेव्हाचं शेगाव) राहायला गेले ते ३० एप्रिल १९३६ ला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, वयाच्या ६६ व्या वर्षी. अंगावर पंचा. तो पंचा त्यांनी १९२१ साली मदुराईत स्वीकारला तो गरिबांसारखं राहायचं म्हणून, हवामानासाठी नव्हे. पण वर्ध्याच्या मे महिन्यात त्यांच्याइतका सोयीचा पोशाख केलेला पुढारी दुसरा नसेल :-)

वाजवणाऱ्या माणसाने उन्हात काय घालावं याचं उत्तर त्याच गावात, त्याच दिवशी हजर होतं. आदल्या रात्री भजनी मंडळ आलं होतं, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणणारं. पांढरे सुती सदरे-पायजमे, डोक्याला भगव्या टोप्या. मध्यरात्रीपर्यंत गायले आणि ताजेतवाने घरी गेले. त्यांच्याकडे बघून कोणालाही वाटलं नाही की यांना ड्रेस नाही. सनई-चौघडावाल्यांचंही तसंच, धोतर, सदरा, पागोटं. म्हणजे आपल्याकडे वाजवणाऱ्यांचा पोशाख नव्हता असं नाही. होता, आणि तो हवेला धरून होता.

'सैल आणि सुती' एवढं म्हटलं की काम झालं का? बँडवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. लग्नानंतर काकांची चौकशी करायला मी मास्तरांना फोन केला तेव्हा भीत भीत कोटाचा विषय काढला. ते चिडले नाहीत. म्हणाले, "भाऊ, आमाले का हौस हाये का? पण ड्रेस नसन तं लोकं म्हनते, हे का बँड हाये, हे तं मजूर हायेत. अन् पैसे कापते."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या पुस्तकी भौतिकशास्त्रापेक्षा मोलाचं वाटलं. पॉलिस्टर चुरगळत नाही, पेटीत कोंबून नेता येतं. रंग जात नाही. सुती लाल कापड दोन धुण्यांत विटतं. निम्मी माणसं सीझनपुरती येतात, आज एक तर उद्या दुसरा, त्यामुळे कोट कोणाच्याच मापाचा नसतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो कोट अंगावर असला की वराती जरा अंतर राखून वागतात. साध्या शर्टात असलं की प्यालेला पाहुणा येऊन मानगूट धरतो. म्हणजे झालर ही नुसती शोभा नाही, थोडंसं चिलखतही आहे. हे मला पुण्यात बसून कधीच सुचलं नसतं.

तेव्हा रंग, टोपी, झालर राहू द्या. टोपी तर हवीच, डोक्यावर ऊन नको. बदलायचं आहे ते कापड आणि शिवण. एक जुना शोधनिबंध यात कामाला येतो. १९८० साली 'नेचर'मध्ये आलेला, वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात यावर. संशोधकांना आढळलं की काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो खरा, पण झगा सैल असल्याने ती जादा उष्णता आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते, त्वचेपर्यंत पोचत नाही. म्हणजे रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. लालच हवा असेल तर लाल घ्या, पण गळ्याला उघडा, बगलेत ऐसपैस, गुडघ्यापर्यंतचा सुती अंगरखा शिवा. पट्टा काढा. सैल असल्याने मापाचा प्रश्नही मिटतो. चुरगळेल, पण रोज धुता येईल, आणि वर्ध्याच्या उन्हात अर्ध्या तासात वाळेल. (पॉलिस्टरचे ते अस्तरवाले कोट सीझनभरात किती वेळा धुतले जातात हे विचारू नका. मी विचारलं होतं.) खादीच हवी असा माझा आग्रह नाही, ती महाग पडते. साधी गिरणीची पॉपलीनही चालेल.

आता कोणी म्हणेल, शास्त्रीय गायकही झगझगीत दिव्यांखाली रेशमी कुर्त्यात बसतात, त्यांचं काय? त्यांचं काही नाही. त्यांना नको असेल तर ते उद्या मलमलचा कुर्ता घालून येतील आणि लोक साधेपणाचं कौतुक करतील. स्वतःचा पोशाख स्वतः ठरवणारा कलाकार आणि बुकिंगच्या वेळी ज्याचा पोशाख दुसराच कोणी ठरवतो तो कलाकार, यांच्यात माझ्या मते हाच खरा फरक आहे. वकिलांचंच बघा ना. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडलं तर इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, बार कौन्सिलच्या नियमांतच तशी सूट आहे. वकिलांना अर्ज करता येतो. बँडवाल्याने कोणाकडे अर्ज करायचा? त्याची बार कौन्सिल म्हणजे तुम्ही-आम्ही, फोनवर "फुल ड्रेस" म्हणणारे. त्यामुळे मास्तरांनी सुधारणा करावी असं म्हणणं मला पटत नाही. रिक्वायरमेंट क्लायंटने दिली आहे, ती क्लायंटनेच बदलायला हवी. एप्रिल-मेच्या लग्नाला बँड ठरवताना आपणच म्हणायचं, कोट नको, आणि पैसे मात्र ड्रेसचे घ्या. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. तो नसेल तर मास्तर ऐकणार नाहीत, आणि त्यांनी ऐकूही नये. वरातीची वेळ उन्हाच्या आधी आणता आली तर उत्तमच, पण मुहूर्ताच्या बाबतीत घरातल्या मोठ्यांशी वाद घालायची माझी ताकद नाही.

येत्या एप्रिलमध्ये मावसबहिणीचं लग्न आहे, देवळीला. बँड तोच ठरवला. १८ सुती अंगरखे आम्ही मावसभावंडं मिळून शिवून देतोय, लग्नानंतर ते बँडकडेच राहतील. मास्तरांना फोनवर कापडाचा रंग विचारला तर म्हणाले, लालच घ्या. मग थोडं थांबून म्हणाले, "भाऊ, खांद्यावरची सोनेरी लेस तेवढी लावजा बरं का. क्लॅरिनेटवाल्या काकाले दोन पट्ट्या जास्त."