नाक कोणावर गेले?

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यावर वाकून प्रथम चौकशी करतात ती बाळाच्या प्रकृतीची नसते, नाकाची असते. आणि ते नाक आजोबांवर गेले की मामावर, या तंट्याचा निवाडा लागेपर्यंत घुगऱ्यांचे वाटपदेखील तहकूब राहते. ज्या घरात मूल दत्तक आले आहे, तेथे हीच चौकशी काट्यासारखी रुतते.

जपानात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या केइको काझा यांच्या 'अ मदर फॉर चोको' या चित्रपुस्तकातील चोको नावाचे पाखरू आईच्या शोधात हीच चौकशी स्वतः करीत हिंडते. पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती १९९२ सालची. जिराफीण पिवळी आहे, पण तिला पंख नाहीत. पेंग्विनला पंख आहेत, पण गोबरे गाल नाहीत. वॉलरसला गाल आहेत, पण पायांवर पट्टे नाहीत, आणि ती तर चक्क त्रासून त्याला हाकलते. शेवटी सफरचंदे वेचणारी अस्वलीण भेटते. तिच्यात सादृश्याची एकही खूण नाही, म्हणून पाखरू रडू लागते. तेव्हा ती कोणतीही खूण न तपासता एवढेच विचारते की, तुला आई असती तर तिने काय केले असते? पोटाशी धरले असते, मुका घेतला असता, गाणे म्हटले असते, असे ते सांगत जाते आणि ती तसे करीत जाते. तिच्या घरी पाणघोड्याचे, मगरीचे आणि डुकराचे पिलू आधीच नांदत असतात.

आपल्याकडे दत्तकाचा विचार पिढ्यान् पिढ्या घराण्याच्या गरजेने झाला. पिंडाला पुत्र हवा, वतनाला वारस हवा. शास्त्रकारांनी दत्तकाच्या ठायी 'पुत्रच्छाया' मागितली (तिचा अर्थ मुखसादृश्य नव्हे, नात्याची योग्यता, असा खुलासा टीकाकार करतात), आणि कंपनी सरकारने दत्तकास मान्यता नाकारून १८४८ साली सातारचे राज्य खालसा केले. या साऱ्या दफ्तरात मुलाची गरज कोठे नोंदलेली नाही. मुलगी दत्तक घेण्याचा सर्वसाधारण अधिकारही हिंदूंना कायद्याने दिला तो १९५६ साली. काझाबाईंच्या गोष्टीत आईच्या शोधार्थ पाखरू निघते, हा उलटा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

चोकोची जन्मदात्री कोठे गेली, याविषयी पुस्तकात अवाक्षर नाही. हे न्यून लहानसहान नव्हे, कारण दत्तक मूल जाणते झाले की हाच प्रश्न विचारते आणि त्या वेळी आईबापांना हे पुस्तक पुरत नाही.

परंतु माझी खरी चिंता दुसऱ्या मुलांची आहे. धाकट्या भावंडाला 'तुला बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतले' म्हणून रडवणारी मुले पोटची असतात. मोठेपणी पाळण्यावर वाकून नाके मोजणारीही तीच. तेव्हा हे पुस्तक आधी त्यांच्या हाती पडू द्यावे, आणि पुढच्या बारशाला कुंची-झबल्याबरोबर बाळाच्या थोरल्या भावंडासाठी ते न्यावे, एवढी वाचकांस विनंती आहे.