न विचारलेला प्रश्न

दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलेला मधुमेही रुग्ण काय काय विचारतो, हे एकदा लक्ष देऊन ऐकावे. नायगावचेच उदाहरण घेऊ. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे बाजाराची पिशवी पायाशी ठेवून दवाखान्याच्या बाकावर ओळीने बसलेली असतात. नंबर लागला की पिशवीतून चुरगळलेली जुनी चिठ्ठी निघते, आणि मग प्रश्न सुरू होतात. भात बंद करू का? गूळ चालतो का? कारल्याचा रस पितो, मग गोळी सोडली तर? आणि उठता उठता, दाराशी थबकून, हमखास विचारला जाणारा तो एक प्रश्न : "साहेब, गोळ्या खाऊ खाऊ किडन्या खराब होतेत म्हणतेत, खरंय का?"

या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही. त्यामागे पाहिलेले काही तरी असते. गल्लीतल्या कुणाला तरी शुगर होती. त्याने दहा-बारा वर्षे गोळ्या खाल्ल्या. मग एक दिवस पायांवर सूज आली, अन्न जाईना, नांदेडला नेले, तर डॉक्टरांनी किडनी गेल्याचे सांगितले. गावाने काय पाहिले? गोळ्या पाहिल्या. रक्तातली वाढलेली साखर काही कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. तेव्हा जे दिसले त्याच्यावर दोष गेला. ज्याने दहा वर्षे घर पोखरले तो चोर नामानिराळा राहिला आणि दारातल्या राखणदाराला शिक्षा झाली.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात; त्यातला बहुतेक भाग शरीरात परत घेतात आणि दीड-दोन लिटरच लघवी बनून बाहेर पडते. वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली आणि तिच्या जोडीला रक्तदाब चढा राहिला, की या गाळण्यांची जाळी सैल होते. जे प्रथिन शरीरात राहायला हवे ते लघवीवाटे झिरपू लागते. पुढे गाळण्या एकेक करून निकामी होत जातात. मधुमेह असलेल्या साधारण तीन-चार माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा त्रास गाठतो. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या हे घडवत नाहीत. ते टाळण्यासाठीच त्या असतात.

मेटफॉर्मिन या सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या गोळीविषयी मोठा गैरसमज आहे. मूत्रपिंडाचे काम फारच खालावले की डॉक्टर ती बंद करतात, हे खरे. पण ती मूत्रपिंड बिघडवते म्हणून नव्हे, तर बिघडलेले मूत्रपिंड तिला शरीराबाहेर टाकू शकत नाही म्हणून. बंद केलेली गोळी पाहून लोक म्हणतात, "बघा, हिनेच घात केला." कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते ती अशी.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांची गोष्ट तर आणखी पुढची आहे. कॅप्टोप्रिल नावाची गोळी मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडाची घसरण मंदावते, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने १९९३ साली दाखवले. त्या जातीच्या गोळ्या आज तालुक्याच्या दुकानातही मिळतात. अलीकडच्या काळात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही जडजीभ नावांची औषधे आली. निघाली ती साखर उतरवण्यासाठी. पण २०१९ नंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी त्या गटाची औषधे मूत्रपिंडालाही आधार देतात, हे सिद्ध केले. त्यांतल्या पहिल्याचे पेटंट भारतात आधी संपले, दुसऱ्याचे २०२५ साली, आणि किमती सामान्य घराच्या आवाक्याकडे उतरल्या. ही औषधे सर्वांनाच चालतात असे नाही. ती ठरवायची डॉक्टरांनीच. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल तर यांतल्या काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात, आणि तेही विचारूनच. पण 'गोळी म्हणजे किडनीचा शत्रू' हे समीकरण मनातून पुसायला हवे.

आता ज्या गोळीविषयी कुणीच प्रश्न विचारत नाही तिच्याकडे वळू. गुडघा दुखतो, कंबर धरते, कापूस वेचून किंवा सोयाबीन काढून अंग मोडून येते; मग दुकानावरून दोन रंगीत गोळ्या आणल्या जातात. चिठ्ठी लागत नाही, विचारणे नाही. वेदनाशामक गोळी ही आपल्याकडे चहाइतकी सहज झाली आहे. डायक्लोफिनॅक हे त्यातले एक घरोघरी पोहोचलेले नाव. वयस्क वाचकांना आठवत असेल, पूर्वी गावाबाहेर ढोर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत. १९९० नंतरच्या वर्षांत ती दिसेनाशी झाली. का, याचे उत्तर २००४ साली मिळाले. जनावरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडत होती. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. निरोगी माणसाला एखाद्या दिवशी घेतलेली गोळी सहसा सोसते. पण ज्याची मूत्रपिंडे साखरेने आधीच झिजली आहेत, त्याने उन्हातान्हात काम करून, पाणी कमी पिऊन, ती रोज घेतली तर काय होईल? साखरेच्या गोळीला भिणारा माणूस या गोळीला भीत नाही, हे आपले खरे दुर्दैव आहे. कुठले धातू आहेत याचा पत्ता नसलेल्या भस्मांच्या आणि बिनलेबलाच्या 'शुगर मुळापासून घालवणाऱ्या' पुड्यांचेही तेच.

खाण्याचे प्रश्न मात्र खरेच रोजचे असतात आणि त्यांची उत्तरे सरळ आहेत. ज्वारीची भाकरी आपल्या मुलखाचे अन्न. ती जरूर खावी. पण भाकरीतही पिष्ट असतेच. गव्हाची पोळी सोडली म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच. गूळ हा साखरेचाच सख्खा भाऊ आहे. रंग वेगळा, गुण तोच. कारले, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांना ताटात किंवा पेल्यात जागा द्यायला हरकत नाही, गोळीच्या जागी त्यांना बसवू नये. मिठाचा विचार साखरेइतकाच महत्त्वाचा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, याहून कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला ठेचा, लोणचे, पापड, वर ताकात घातलेले मीठ मोजले तर ही मर्यादा दुपारच्या जेवणातच ओलांडते. सैंधव घेतले म्हणून सुटका नाही, तेही मीठच. आणि 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड अधू असलेल्यांना ते घातक ठरू शकते.

पाणी भरपूर प्यायले की किडनी धुऊन निघते, हाही असाच एक समज. उन्हाळ्यात रानात राबणाऱ्याने तहानेपुरते आणि त्याहून थोडे जास्त पाणी प्यावे, यात वाद नाही. पण साखरेने बिघडलेली गाळणी पाण्याने दुरुस्त होत नाही. आणि अंगावर सूज आलेल्या रुग्णाला पाणी मोजूनच प्यावे लागते. "मी तर हाडकुळा माणूस, मला कशी शुगर?" असेही कुणी विचारतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. बाहेरून बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे त्यांनी जगापुढे मांडले. तेव्हा काटक शरीरावर विसंबून चालत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. हा आजार आता शहरातल्या, बैठे काम करणाऱ्यांचा राहिलेला नाही.

सर्वांत फसवी असते ती एक आनंदाची बातमी. वर्षानुवर्षे चढी असलेली साखर अचानक खाली येऊ लागते. इन्सुलिन कमी करावे लागते, गोळी अर्धी होते. घरात समाधान पसरते. कुणी म्हणते काढ्याचा गुण आला, कुणी म्हणते नवस पावला. पुष्कळदा यामागचे कारण वेगळेच असते. शरीरातले इन्सुलिन संपवण्याचे काम काही अंशी मूत्रपिंड करते. ते थकले की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते, आणि साखर उतरते. म्हणजे आजार बरा होत नसतो. तो पुढच्या पायरीवर गेलेला असतो. साखर आपोआप उतरू लागली तर पेढे वाटण्याआधी मूत्रपिंड तपासावे.

इथे आपण त्या न विचारलेल्या प्रश्नापाशी येतो. इतके सगळे विचारणारा रुग्ण "माझी लघवी तपासली का?" हे मात्र विचारत नाही. मूत्रपिंडाचा बिघाड सुरुवातीला दुखत नाही. कंबर दुखली म्हणून किडनी बिघडली असे नसते, आणि कंबर दुखत नाही म्हणून ती चांगली आहे असेही नसते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर पुष्कळदा निम्मे काम गेलेले असते. पण लघवीतून झिरपणारे प्रथिन, ज्याला अल्ब्युमिन म्हणतात, ते त्याच्या कितीतरी आधी सापडते. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण काढायचे. ते ३० च्या आत असले तर ठीक, वर गेले तर पुन्हा तपासून सावध व्हायचे. प्रौढ वयात मधुमेह निघाला असेल तर निदान झाल्या दिवशीच, आणि मग दरवर्षी एकदा, ही तपासणी आणि क्रिएटिनिन व्हायला हवे. या टप्प्यावर साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांना आवर घातला तर घसरण थांबवता येते, निदान अनेक वर्षे लांबवता येते.

आणि नाही सापडले तर? तर डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. नायगावकडच्या माणसाने त्यासाठी नांदेड गाठायचे ठरवले तर जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. म्हणजे पूर्ण दिवस गेला. सोबत मुलगा किंवा बायको, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. २०१२ साली राज्याने जीवनदायी योजना सुरू केली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेल्या त्या योजनेत डायलिसिसचा खर्च सरकार उचलते, ही मोठीच सोय झाली. पण गेलेली मजुरी, पडीक राहिलेले रान आणि मोडलेले घर कुठल्या योजनेत बसवणार?

म्हणून एक साधी मागणी करावीशी वाटते. आपल्या उपकेंद्रातली नर्स गरोदर बाईची लघवी पट्टी बुडवून तपासते. का, तर अल्ब्युमिन जाते का ते पाहायला. ही पद्धत वर्षानुवर्षांची आहे आणि तिने कित्येक माता वाचवल्या आहेत. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची मोहीमही आता गावोगाव आली आहे. मग सुनेची लघवी जिथे तपासतात, तिथे तिच्याबरोबर आलेल्या मधुमेही सासूची का तपासू नये? पट्टी तीच, नर्स तीच, टेबलही तेच. पट्टीला अगदी बारीक गळती कळत नाही, हे खरे; त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच हवी, आणि ती तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात प्रत्येक मधुमेहीला वर्षातून एकदा मोफत आणि न चुकता मिळावी. तोवर पट्टीला जे दिसेल ते तरी वेळेवर दिसेल.

डॉक्टरांकडे वेळ नसतो, बाहेर रांग असते, हे मान्य. सगळा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. पण म्हणूनच पहिले पाऊल घरातून पडावे. सुट्टीचा दिवस आहे. घरातल्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची फाइल आज काढून पाहावी. साखरेचे कागद ढीगभर सापडतील. लघवीतल्या अल्ब्युमिनचा कागद आहे का, शेवटचे क्रिएटिनिन कोणत्या वर्षीचे, रक्तदाब कुठे लिहिला आहे का, डब्यात दुखण्याच्या गोळ्या किती, एवढेच पाहावे. कागद नसेल तर पुढच्या खेपेला भाताचा प्रश्न विचारायच्या आधी डॉक्टरांना म्हणावे, "साहेब, अण्णांची लघवी एकदा तपासायची राहिलीय."