दगडाचा नकाशा, दाताची नोंद

सावदा म्हटले की केळी आठवतात. खनिजांचे संग्राहक मात्र हे गाव तिथल्या स्फटिकांमुळे ओळखतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या इथल्या काळ्या पाषाणात पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक वाढले. अपोफिलाइट एरवी रंगहीन असतो. काही ठिकाणचा हिरवागार दिसतो, तो व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशामुळे.

असा अंश स्फटिकात नेमका कुठे आहे, हे दगड दळून तपासल्यास कळत नाही. सरासरी आकडा मिळतो, जागा पुसली जाते. १९८५च्या सुमारास पुढे आलेल्या लेझर पद्धतीने ही अडचण दूर झाली. केसाहूनही बारीक लेझर किरण दगडाच्या पृष्ठभागावरचा कणभर भाग उडवतो. ती धूळ वायूबरोबर हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात जाते, तिथे तिचे विद्युतभारित अणू होतात आणि वस्तुमापक यंत्र ते वजनानुसार वेगळे करून मोजते. किरण ओळीने फिरवत नेला की दहा लाखांत एखादा भाग असलेल्या मूलद्रव्याचाही नकाशा तयार होतो.

दातही एक खनिजच आहे, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे. तो थरांथरांनी वाढतो आणि त्या त्या काळी रक्तात असलेले धातू थोडे थोडे त्या थरात अडकतात. दुधाच्या दाताच्या कवचात जन्माच्या वेळची एक सूक्ष्म रेषा असते. तिच्या अलीकडचे थर गर्भातले, पलीकडचे जन्मानंतरचे. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने एका निअँडरथल मुलाच्या दाढेतील बेरियम मोजले आणि त्याचे अंगावरचे दूध सुमारे सव्वा वर्षाचा असताना सुटले, असा निष्कर्ष काढला.

आजच्या मुलांसाठी यातला महत्त्वाचा धातू शिसे. ते मेंदूच्या वाढीला बाधक आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. रक्ततपासणीत प्रामुख्याने अलीकडच्या काही आठवड्यांचे शिसे दिसते. वर्षभराच्या बाळाच्या पोटात गेलेले शिसे सहाव्या वर्षीच्या अहवालात दिसेलच असे नाही; झालेले नुकसान मात्र राहते. कौलांवर फेकला जाणारा दुधाचा दात ती जुनी नोंद जपून असतो.

म्हणून प्रत्येक मुलाचा दात लेझरखाली धरावा, असे नाही. ते संशोधनाचे काम आहे, आणि यंत्रही महाग. शिशाची शंका असेल तेव्हा साधी रक्ततपासणीच करायची, आणि ती तालुक्याच्या रुग्णालयातून सहज व्हावी, ही मागणी रास्त आहे. पण दातातली नोंद वाचेपर्यंत उशीर झालेला असतो, हेही तितकेच खरे. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आहे. जुन्या भिंतींचे पोपडे, घराशेजारी फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या आणि बाळाच्या डोळ्यांत घातला जाणारा सुरमा मात्र अजून आहेत. सुरमा बहुतेकदा शिशाच्याच खनिजाची पूड असते. बाळाच्या डोळ्यांत तो न घालण्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.