खाशाबांच्या मागे कोण होतं?

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिन आपण राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. हेलसिंकी ऑलिंपिकमधलं १९५२ सालचं ब्राँझपदक आठवतं, त्यांच्या प्रवासखर्चासाठी राहतं घर गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकर आठवतात. एक तपशील मात्र हारतुऱ्यांखाली दबून जातो. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली झुंज संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, आणि दमलेले खाशाबा हरले.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चित्र उलटं होतं. कुस्तीगीर विनेश फोगटच्या दिमतीला डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, वजन उतरवायला रात्रभर सगळ्यांनी शर्थ केली. तरीही काटा वजनमर्यादेच्या १०० ग्रॅम पुढे राहिला. कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही; पण शरीराचं गणित आदल्या रात्री मांडायचं नसतं, त्याची वही वर्षभर कोणीतरी लिहावी लागते.

ती वही लिहिणारी माणसं पुण्यात तयार होतात. महाराष्ट्रीय मंडळाचं आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७पासून चालू आहे, सिम्बायोसिसमध्ये क्रीडाविज्ञान शिकवलं जातं, लष्कराची क्रीडा संस्था २००१पासून इथेच आहे. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या बालेवाडीच्या संकुलात सराव करणाऱ्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणलं. क्रीडा विद्यापीठाचा कायदाही राज्याने २०२०मध्ये केला.

मग क्रीडाविज्ञानाची पदवी हातात पडल्यावर पुढे काय? शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. हवं. फिजिओथेरपिस्टची पाटी लावायची तर तो अभ्यासक्रमच वेगळा. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या क्रीडा संस्थेतल्या पदविकेला मान. उरतात क्लब, जिम, खासगी अकादम्या आणि केंद्राच्या योजनांमधली कंत्राटी पदं. घरचे विचारतात, ‘म्हणजे तू नक्की कोण झालास?’ या प्रश्नाला मुलांकडे उत्तर असतं, सरकारी जाहिरातीत मात्र बहुधा त्यासाठी रकानाच नसतो.

खेळाडूंसाठी राज्याच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्या खेळाडूचा गुडघा सांभाळणारी, त्याची झोप आणि सरावाचा भार मोजणारी मुलगी मानधनावर काम करते आणि करार संपला की दुसरं दार शोधते. तिच्याबरोबर तिच्या नोंदीही जातात. नुकसान तिचं आहेच, पण त्याहून मोठं खेळाडूचं आहे. तेव्हा जिल्हा क्रीडा संकुलांच्या आकृतिबंधात क्रीडाविज्ञान अधिकाऱ्याचं एक कायम पद असावं, ही मागणी काही चैनीची नव्हे. संकुलाच्या इमारतीवर खर्च करताना आपला हात आखडत नाही.

विद्यार्थ्यांनाही एक स्पष्ट सांगायला हवं. ऑलिंपिकच्या चमूत जागा मोजक्याच असतात. काम आहे ते पहाटे टेकडीवर धावून टाचा दुखवून घेणाऱ्या पन्नाशीतल्या पुणेकरांत, मधुमेह्यांच्या व्यायामात, शाळकरी मुलांच्या मैदानांवर. आणि शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या जागी. तिथला वस्ताद पठ्ठ्याची चाल पाहून आज जोर किती, खुराक किती हे सांगतो. लॅपटॉप उघडून त्याला पहिल्याच दिवशी अक्कल शिकवायला जाणारा पदवीधर दुसऱ्या दिवशी आत यायचा नाही. आधी मातीत बसावं, वस्तादाचे अंदाज टिपून घ्यावेत, मग आपले आकडे त्यांच्याशेजारी मांडावेत. दोन्ही कुठे जुळतात आणि कुठे फारकत घेतात, हा तर पुण्यातल्या एखाद्या पीएच.डी.चा विषय आहे.