चित्रपट दाखविणे आणि चित्रपट घडविणे

ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘चॅनल फोर’ ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि त्याच रात्री तिने ‘फिल्म ऑन फोर’ या मालेतील पहिला चित्रपट, स्टीफन फ्रिअर्स यांचा ‘वॉल्टर’, दाखविला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका माणसाची ती करुण कहाणी. उद्घाटनाच्या रात्री असा विषय निवडण्यास धाडस लागते. परंतु त्या धाडसामागे एक आर्थिक व्यवस्थाही होती आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

चॅनल फोरवरील जाहिरातींची वेळ त्या काळी आयटीव्हीच्या प्रादेशिक कंपन्या विकीत आणि वाहिनीला ठराविक वर्गणी देत. त्यामुळे एखादा चित्रपट थोड्यांनीच पाहिला, तरी वाहिनीच्या तिजोरीला लगेच झळ पोहोचत नसे. ब्रिटिश चित्रपटगृहांची अवस्था मात्र शोचनीय होती. १९४६ मध्ये तेथे दीडशे कोटींहून अधिक तिकिटे खपली होती. १९८४ मध्ये अवघी ५.४ कोटी! पुढच्याच वर्षी तिकिटांवरील अधिभारातून देशी निर्मात्यांना मिळणारे साहाय्यही सरकारने बंद केले. अशा बाजारपेठेत खासगी भांडवल येणार कोठून?

ते या मालेने पुरविले. ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’ (१९८५) हा चित्रपट दूरचित्रवाणीसाठीच, १६ मिलिमीटर फिल्मवर, अल्प खर्चात चित्रित झाला. एडिंबरोच्या महोत्सवात गाजला आणि मग चित्रपटगृहांत गेला. लंडनमधील पाकिस्तानी वंशाचा तरुण आणि त्याचा गोरा मित्र यांच्या प्रेमाच्या कथेवर कोणत्या वितरकाने आगाऊ रक्कम दिली असती? दूरचित्रवाणी ही चित्रपटाची वैरीण, असे अजूनही म्हटले जाते. येथे तर तिनेच त्याला पोसले.

पुढे १९९३ पासून वाहिनीला स्वतःच्या जाहिराती स्वतः विकाव्या लागल्या. १९९८ मध्ये तिने चित्रपटांसाठी वेगळी कंपनी काढली, महत्त्वाकांक्षा वाढली, खर्च फुगला आणि २००२ मध्ये ती कंपनी गुंडाळावी लागली. हा विभाग लहान होऊन वाहिनीत परतला. २००८ च्या ‘स्लमडॉग मिलिऑनेअर’मध्ये त्याचाच पैसा होता. सार्वजनिक मालकीची ही वाहिनी विकण्याचा घाट सरकारने २०२२ मध्ये घातला, तो जानेवारी २०२३ मध्ये सोडून दिला. विक्री झाली असती, तर नव्या मालकाने पहिली कात्री कोठे लावली असती, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट उपशीर्षकांसह दाखवीत असे. मराठी घरांत बंगाली आणि मल्याळम चित्रपट आले ते त्या दुपारींमुळे, हे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि दूरदर्शन मुख्यतः तयार मालाचे ग्राहक राहिले. सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ (१९८१) त्याने निर्माण केला खरा, पण तो अपवाद. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे नवे माध्यम सुरू केले. त्याच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा न निघालेल्या चित्रपटांसाठी, म्हणजे एखाद्या मराठी वा कोकणी पटकथेसाठी, राखून ठेवता येईल. मात्र ती तरतूद प्रेक्षकसंख्येशी बांधलेली नसावी.