जंगली, नग एक

आपल्या शहरात एकूण चारच जातींची झाडं आहेत, असं माझं बरीच वर्षं मत होतं. आंबा, नारळ, वड आणि 'कसलंसं'. यातली चौथ्या जातीची वस्ती सर्वांत दाट. बसस्टॉपवर सावली धरतं ते कसलंसं. संध्याकाळी ज्याच्या वासानं पाय थबकतो ते कसलंसं. आणि मोटारीच्या टपावर फुलं टाकून मालकाच्या शिव्या खातं, तेही कसलंसंच! माणसांच्या बाबतीत आपण इतके उदासीन कधीच नसतो. शेजारी नवं बिऱ्हाड आलं, की टेम्पो रिकामा व्हायच्या आत आडनाव, मूळ गाव, पगार आणि सासू कायमची की येऊन-जाऊन, एवढी माहिती गोळा झालेली असते.

बरं, जी नावं आपण छातीठोकपणे घेतो, ती तरी खरी असावीत! सोसायटीच्या फाटकाशी शिपायासारखा ताठ उभा असतो तो 'अशोक' नव्हेच. सीतेशी त्याचा संबंध इतकाच, की तो सीताफळाच्या कुळातला आहे. खरा सीतेचा अशोक बुटका, पसरट, केशरी-तांबड्या गुच्छांचा. तो दाखवलात तर सोसायटीचे सेक्रेटरी 'हे कसलंसं' म्हणूनच सांगतील. देवळापुढचा देवचाफा मूळचा अमेरिकेकडचा. आणि दसऱ्याला आपण जे सोनं लुटतो, त्यातलं निम्मं कांचनाचं असतं. त्यामुळे आपटा बिचारा जरा कमी ओरबाडला जातो, हे खरं. अज्ञानाचा एवढा एकच फायदा माझ्या पाहण्यात आहे.

यावर रसिक मंडळी म्हणतात, "नाव कशाला हवं? वास घ्यावा, तृप्त व्हावं!" माझं भांडण आहे ते या मंडळींशी. रातराणी, कुंती, अनंत या सगळ्यांना 'काहीतरी जाईजुईसारखं' म्हणून डोळे मिटणारे हे लोक जेवायला बसले की बासमती आणि आंबेमोहोर मात्र वासावरून ओळखतात. थिओडोर कुक नावाचा साहेब पुण्याला इंजिनियरिंग शिकवायचा. तो इथलं रानन् रान पालथं घालून गेला आणि मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जाडजूड जंत्री त्यानं १९०१ पासून भागाभागांनी छापली. त्यात गवतंसुद्धा नावानिशी आहेत. आणि आम्हाला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं झाड सांगता येत नाही!

मला तरी कुठं येत होतं? तीस वर्षं मी त्याच्याखाली स्कूटर लावली. उंच, सरळ, भेगाळ सालीचं. पावसाळा सरला की पहाटे खाली पांढऱ्या, लांब देठांच्या फुलांचा सडा. स्कूटरची सीट पुसून मी कामाला जात असे. एका सकाळी खोडावर कागद डकवलेला दिसला. शहरातली झाडं राखायला आपल्याकडे १९७५ साली कायदा झाला. तेव्हा झाड तोडायचं तर आधी त्याच्याच अंगावर नोटीस लावावी लागते. नोटिशीत तोडायच्या झाडांची यादी होती : आंबा, नग १. नारळ, नग २. जंगली, नग १.

आंब्यासाठी गल्ली पेटून उठली. नारळासाठी दोन काकू रडल्या. जंगलीसाठी कोण रडणार?

भाच्याला बोलावलं. त्याचा फोन झाडं ओळखतो म्हणे. चाळीस फुटांवरच्या पानाचा फोटो काढून फोननं निकाल दिला, कडुनिंब. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मलाच प्रश्नपत्रिका दिली : पानं समोरासमोर की एकाआड एक? मोडल्यावर चीक येतो का? चुरडल्यावर वास कसला? मी माडीवरून आकडी बांधलेली काठी घेऊन लोंबकळत असताना झाडूवाल्या मावशी खालून म्हणाल्या, "काका, पडाल की! बुचाचं हाय ते. आमी पोरी असताना दोऱ्याबिगर येणी घालायचो त्याची."

बूच! म्हणजेच आकाशनिंब. फोन अगदीच चुकला नव्हता, पानांचा तोंडवळा निंबासारखाच. मऊ सालीची हलकी बुचं करत, म्हणून हे नाव. झाड मूळ ब्रह्मदेशाकडचं. आपल्याकडे त्याला शेंग क्वचितच धरते. तेव्हा शहरातला प्रत्येक बूच एकतर कोणीतरी हातानं लावलेला, नाहीतर लावलेल्याच्या मुळातून फुटलेला. आणि याला म्हणे जंगली!

हरकतीचा अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो.

"कुठल्या झाडाबद्दल?"

"बूच."

कारकुनांनी यादीवरून बोट फिरवलं. "बूच यादीत नाही. यादीत नाही त्यावर हरकत घेता येत नाही."

"अहो, यादीत जे जंगली आहे ना, ते बूच आहे."

"मग जंगलीला हरकत घ्या."

"पण ते जंगली नाही!"

"मग हरकत कशाला?"

मी यादी मागून घेतली. वयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अंदाजे १५'. माझी स्कूटर त्याहून म्हातारी आहे. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे पन्नाशी गाठलेलं झाड 'हेरिटेज' ठरतं. आणि नुसत्या खोडाच्या घेराला टेप लावून वय निघत नाही, कारण काही झाडं भराभर फुगतात, काही चेंगटपणे. म्हणजे आधी जात कळायला हवी. नाव नाही, म्हणून वय नाही. वय नाही, म्हणून मान नाही. मान नाही, म्हणून चालवा करवत. एका शब्दाच्या कंटाळ्यापायी एवढं सगळं!

वाद घालून घालून मी 'जंगली'पुढे कंसात 'बूच' लिहवून घेतलं. प्रत्यक्ष पाहणी पुढच्या आठवड्यात आहे. बुचाचं लाकूड ठिसूळ असतं आणि वादळात फांद्या मोडतात, हे मी त्यांना सांगणारच आहे. धोक्याची फांदी उतरवा की, खोडावर कशाला उठता?

दरम्यान मी पुठ्ठ्यावर ठसठशीत 'बूच' लिहून पाटी सुतळीनं बांधली. खिळा नाही मारला. मोटारवाले शेजारी पाटीपुढे बराच वेळ उभे होते. टपावरचं एक फूल उचलून त्यांनी हुंगलं.

"आणि काका, पाण्याच्या टाकीमागं ते झुडूप आहे ना, रात्री वास येतो बघा, ते कसलं?"

जीभ 'कसलंसं'वर आली होती. गिळली.

"उद्या सांगतो," मी म्हटलं. "मावशी सकाळी सहाला येतात."